मंगळवार, दुपारी बारा

लायल नोआक समुद्रावर गेला तो परत आलाच नाही, याला अकरा महिने होऊन गेले होते. तरीही दुपारचे बारा वाजले की तो घराच्या मागच्या पडवीत गमबूट काढायचा.

आधी एक धप्प. मग जरासा वेळ. मग दुसरा धप्प. डाव्या पायाचा बूट त्याला नेहमीच घट्ट व्हायचा, तो काढताना भिंतीला हात टेकून तो दोन-चार शिव्या हासडायचा. आता शिव्या ऐकू येत नव्हत्या, पण तेवढा वेळ मात्र बरोबर तेवढाच जायचा.

पहिले दोन महिने वर्ना रोज उठून पाहायची. पडवीत काही नसायचं. गळाच्या काठ्या, रिकामी बादली, ऊन. बूट तर तो पायात घालूनच गेला होता. पुढे तिने पाहणं सोडून दिलं. बाराला पाच मिनिटं असली की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि टेबलाशी बसून राहायची.

वर्ना चौसष्टची. मारम बे गावातल्या शाळेच्या ग्रंथालयात तिची एकतीस वर्षं गेली. गाव कसलं, एक धक्का, गव्हाची तीन उंच कोठारं, एक पब, एक दुकान आणि दोनशे माणसं. त्यातल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी "आवाज नको" म्हणून दटावलेलं. लायल कोठारांवर कामाला होता. तो निवृत्त झाला आणि त्याचा रेडिओ दिवसभर घरात आला. माणूस वाईट नव्हता. बोलका होता. जरा जास्तच बोलका.

तो गेल्यापासून वर्ना अर्धी झाली होती. लोक म्हणायचे, दुःख आहे, वेळ लागतो. ते खरंच होतं. पण तिला खाणारी गोष्ट वेगळी होती आणि ती दर रविवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची.

तो म्हणजे रेक्स, लायलचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, एकटाच राहायचा. दर रविवारी पहाटेपासून तो खाडीच्या पूर्वेकडच्या चिखलात, खारफुटीतून भावाला शोधत फिरायचा. पोलिसांनी शोध थांबवला तरी त्याने थांबवला नव्हता. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचा, दाराशी पाय पुसायचा आणि एकच वाक्य बोलायचा.

"नाही. आजही काही नाही."

वर्ना चहा करायची. लोणी आणि साखरेचा चुरा घातलेला, आजीच्या पद्धतीचा जर्मन केक कापायची. रेक्स मुकाट्याने दोन तुकडे खायचा आणि नकाशावर तांबड्या पेन्सिलीने त्या दिवशीचा पट्टा रंगवायचा. सगळा रंग पूर्वेकडे होता. वर्ना त्या नकाशाकडे पाहायची आणि हातातला केक परत ताटलीत ठेवायची.

मे महिन्यात ती फ्लूचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेली. तिथे खिडकीशी ग्लेनिस बसलेली असायची. गावातल्या प्रत्येकाची शुगर तिला तोंडपाठ.

"अगं बाई, ही काय दशा!" ग्लेनिस म्हणाली. "चिपाड झालंय तुझं. जेवतेस की नुसती वास घेतेस?"

"जेवते."

"दिसतंय की. शुक्रवारी डॉक्टर आहेत. तुला मोठी वेळ लिहून ठेवते. साधी वेळ घेतलीस तर दहा मिनिटांत ते तुला गोळ्या देऊन वाटेला लावतील."

"मला काही झालेलं नाही, ग्लेनिस."

"मग शुक्रवारी येऊन त्यांना तेच सांग. अर्धा तास आहे तुझ्याकडे."

डॉक्टर बिशाय मूळचे इजिप्तचे, आठवड्यातून दोनदा मोठ्या गावाहून तासभर गाडी चालवत यायचे. त्यांनी वर्नासमोर एक कागद ठेवला. दहा प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा उगाच थकवा आला, किती वेळा सगळं व्यर्थ वाटलं, किती वेळा जागेवर बसवेना. तिने खुणा केल्या. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला.

"वर्ना, 'कधीच नाही' या रकान्यात तुम्ही एकही खूण केली नाहीत."

"प्रश्नच तसले होते."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "आपण मानसिक आरोग्याची उपचार योजना करू. मी चिठ्ठी देतो. इथल्या मानसशास्त्रज्ञाकडे आठ महिन्यांची रांग आहे, आणि ॲडलेडला जायचं तर आठ तास गाडी. पण व्हिडिओवरून बोलता येतं. समोर बसून बोलल्यावर मेडिकेअर जेवढे पैसे परत देतं, तेवढेच त्यालाही देतं. वर्षात दहा भेटी. आधी सहा, मग तुम्ही मला भेटायचं, मग उरलेल्या चार."

वर्नाने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"पैसे सरकार देणार. म्हणजे मी तिथे काय बोलले ते सरकारला कळणार?"

"छे! त्यांना फक्त तारीख कळते आणि भेटीचा एक ठरलेला आकडा. पाऊणएक तास भेट झाली, एवढंच."

"आणि तुम्हाला?"

"मला पत्र येतं. सहा भेटी झाल्या की."

"आणि मी सगळे पैसे माझेच दिले तर? पत्र जाणार नाही ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही जाणार. पण दर वेळी दोनशेतीस डॉलर आहेत. त्यातले एकशेचाळीस परत मिळतायत, ते का सोडता? कसली भीती वाटतेय तुम्हाला?"

वर्ना म्हणाली की भीती वगैरे काही नाही, तिने सहज विचारलं. चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली. दोनशेतीस तिला परवडणारे नव्हतेच. लायलच्या निवृत्तीचा फंड अडकून पडला होता. मृत्यूचा दाखला नव्हता, कारण देह नव्हता. दाखल्यासाठी कॉरोनरचा, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचा, निकाल हवा होता, आणि निकालासाठी जी फाईल होती तिच्या पहिल्याच पानावर वर्नाने दिलेला जबाब होता.

मेडिकेअरचं हिरवं कार्ड तिच्या पाकिटात होतं. त्यावर दोन नावं. एक, लायल. दोन, वर्ना. ॲडलेडच्या मानसशास्त्रज्ञाच्या दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला, गोड आवाजाची.

"कार्डाचा नंबर सांगता? आणि तुमच्या नावापुढचा आकडा?"

"दोन."

"आणि पैसे परत कुठल्या खात्यात जायचे ते मेडिकेअरकडे एकदा तपासून घ्या हं. पुष्कळदा जुनंच खातं असतं."

जुनंच होतं. लायलचं. वर्नाने फोन लावला, तासभर वाट पाहिली, स्वतःचं खातं नोंदवून घेतलं. पलीकडचा माणूस भला होता. त्याने विचारलं, "आणि लायल यांच्यासाठी आधीचंच खातं राहू द्यायचं ना? त्यांना कधी लागलं तर?"

वर्नाने कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

गोड आवाजाच्या मुलीकडे एकच वेळ रिकामी होती. एकाआड एक मंगळवार, दुपारी बारा. दुसरी वेळ मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. वर्ना म्हणाली, चालेल.

पहिल्या मंगळवारी तिने टॅबलेट पावाच्या डब्याला टेकवून ठेवला, केस विंचरले, पडवीचं दार लावून घेतलं. पडद्यावर चाळिशीची एक बाई आली. आखूड केस, मागे एक कुंडी. तिचं नाव ब्रॉनविन.

"सुरुवातीला दोन-तीन गोष्टी दर वेळी विचाराव्या लागतात," ब्रॉनविन म्हणाली. "तुम्ही आत्ता कुठे आहात, पत्ता काय. मध्येच काही झालं तर मी फोन कोणाला करू. आणि खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?"

धप्प.

वर्नाची पाठ ताठ झाली. मधला वेळ गेला. धप्प.

"वर्ना? ऐकू येतंय ना?"

"हो. नाही. कोणी नाही. एकटीच आहे मी."

आणि हे बोलताना तिला वाटलं, दाराच्या जाळीमागे उभं राहून कोणीतरी हे ऐकलं.

ब्रॉनविनने सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं. पण कोणाच्या जिवाला धोका दिसला किंवा न्यायालयाने कागद मागवले तर तिला द्यावे लागतात. न्यायालय हा शब्द वर्नाने तेवढा उचलला आणि नीट गाठ मारून ठेवला. मग ती झोपेबद्दल बोलली. भुकेबद्दल बोलली. लायलबद्दल विचारलं तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. जून महिना, भर हिवाळ्यातला, सकाळी सातला तो छोटी होडी घेऊन मासे धरायला गेला. पाचला येतो म्हणाला. आला नाही. दुसऱ्या दिवशी होडी पूर्वेच्या खारफुटीत उलटी सापडली.

भेटीच्या दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे आले. एकशेचाळीस आणि वर काही. वर्ना बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. खोटं बोलायची मजुरी मिळाल्यासारखं तिला झालं.

तिसऱ्या भेटीत तिने बुटांचं सांगितलं. न सांगून भागेना, कारण धप्प झालं की तिचा चेहरा बदलायचा आणि ब्रॉनविन ते टिपायची. वर्नाला वाटलं होतं ही हसेल, नाहीतर मोठ्या औषधाचं नाव काढेल. तिने तसं काही केलं नाही.

"पुष्कळ माणसांना ऐकू येतं," ब्रॉनविन म्हणाली. "चाळीस वर्षं एक आवाज रोज ऐकलेला कान असतो तो. पण मला एक सांगा. ते पाचला येणार होते ना? मग बूट बाराला का?"

वर्नाने हात पुढे करून टॅबलेट बंद केला. नंतर तिने निरोप धाडला, नेट गेलं होतं. मारम बेमध्ये नेट जातं हे खोटं म्हणता येत नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं.

चौथ्या आणि पाचव्या भेटीत ब्रॉनविनने तो प्रश्न पुन्हा काढला नाही. वर्नाला त्याचीच जास्त भीती वाटली. आता घरात दिवसभर कोणीतरी प्रश्न धरून बसल्यासारखं असायचं. नळ सोडला की पाण्याच्या आवाजाखाली रेडिओ सुरू आहे असं वाटायचं. नळ बंद केला की तोही बंद. एकदा तिने टोस्टवर लोणी लावलं आणि ताट सवयीने पलीकडे सरकवलं, आणि मग त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "खा आता." स्वतःचा आवाज ऐकून तिने ताट पटकन परत ओढलं.

सहावा मंगळवार ऑगस्टमधला होता.

"आज डॉक्टर बिशायना पत्र पाठवायचंय," ब्रॉनविन म्हणाली. "योजनेत तसा नियम आहे. पण तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय मी पाठवत नाही. नको असलेलं वाक्य सांगा, मी काढते."

ती वाचू लागली. पत्र आखूड होतं, शांत होतं. रुग्णाचे पती समुद्रावर बेपत्ता. झोप किंचित सुधारली. भूक कमी. दुपारी विशिष्ट वेळी पतीच्या बुटांच्या आवाजाचा भास. "पती संध्याकाळी पाच वाजता परतणे अपेक्षित होते. ते न परतल्याने रुग्णाने तातडीने..."

धप्प.

"थांब," वर्ना म्हणाली. आतापर्यंत ती तिला तुम्ही म्हणत आली होती. "ते पाच काढ."

"काढते. काय लिहू?"

मधला वेळ चालला होता. वर्ना दाराकडे पाहत होती. तो वेळ त्या दिवशी कधी नव्हे इतका लांबला, आणि तो संपायच्या आत आपण बोललो नाही तर आता दार उघडेल, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं.

"बारा," ती म्हणाली. "तो बाराला येणार होता. म्हणाला होता, बाराला येतो, चॉप्स तव्यावर टाकून ठेव."

ब्रॉनविनने लेखणी खाली ठेवली.

मग वर्नाने सांगितलं. त्या सकाळी तो गेला आणि तिने रेडिओ बंद केला. घरात जी शांतता पसरली ती तिने तो निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत ऐकली नव्हती. खिडकीतून ऊन आलं होतं. तिने शब्दकोडं सोडवलं. अंडं उकडून खाल्लं, उभ्यानेच, कोणाला न विचारता. गरम पाण्याने टब भरून तासभर पडून राहिली. बारा वाजले तेव्हा तिने घड्याळ पाहिलं आणि मनात म्हटलं, अजून थोडा वेळ येऊ नकोस. एक वाजला. तिने चॉप्स बाहेर काढलेच नाहीत. दोन वाजले, ती गाणं गुणगुणत होती. तीनला वारा फिरला. उत्तरेचा होता तो एकदम नैर्ऋत्येचा झाला, खिडक्या धडधडल्या, आणि तिला कळलं. तरी ती स्वतःला म्हणत राहिली, रेक्सच्या शेडमध्ये बिअर पीत बसला असेल. फोन केला असता तर रेक्सने एका शब्दात सांगितलं असतं. तिने केला नाही. अंधार पडला तेव्हा पोलिसांना फोन केला, सव्वापाचला. पलीकडून विचारलं, किती वाजता येणार होते? आणि जीभ म्हणाली, पाच.

"त्या एका शब्दावरून त्यांनी सगळं गणित मांडलं," वर्ना म्हणाली. "वारा कुठला, ओढ कुठली. पाचच्या सुमारास बुडाला असेल तर वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे पूर्वेला वाहत जाणार. पण बाराच्या आधी बुडाला असेल तर वारा उत्तरेचा होता. तर तो बाहेर गेला. हलकी होडी फिरलेल्या वाऱ्यासरशी परत आत आली, तो आला नाही. टोकाच्या पलीकडे, मोठ्या वाळूकडे. तिकडे कोणी पाहिलंच नाही."

ब्रॉनविनने पत्र बाजूला सरकवलं.

"यातलं काहीही पत्रात लिहायची गरज नाही," ब्रॉनविन म्हणाली. "आणि पुढे काय करायचं ते आज ठरवायलाही नको. तुम्हाला आत्ता काय वाटतंय?"

"वाटायचं काय त्यात!" वर्ना म्हणाली. "रविवारी रेक्स येईल ना."

दुसरा धप्प त्या दिवशी झालाच नाही.

रविवारी रेक्स आला. पाय पुसले. "नाही. आजही काही नाही." वर्नाने चहा केला, पण केक कापला नाही. त्याने नकाशा पसरला आणि तांबडी पेन्सिल काढली, तेव्हा तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"रेक्स, तो पाचला येणार नव्हता. बाराला येणार होता."

"कोण?"

"लायल. मी खोटं सांगितलं."

रेक्सने पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेला गेली, खाली पडली. त्याने उचलली नाही.

"बारा," तो म्हणाला. "तीनपर्यंत उत्तरेचा वारा होता."

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"साठ रविवार, वर्ना." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "साठ रविवार मी त्या गाळात कमरेइतका... आणि तू मला केक देत होतीस."

"रेक्स..."

"का? भांडलात का तुम्ही?"

"नाही. घर शांत होतं. मला ते आवडलं. बस, एवढंच."

रेक्सने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती परक्या भाषेत बोलली. मग उठला. नकाशा तिथेच राहिला. गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. वर्नाने खिडकीतून पाहिलं तर तो गाडीत नुसता बसला होता, दोन्ही हात चाकावर ठेवून.

सोमवारी ती स्वतः मोठ्या गावी गेली. तिथल्या सार्जंटने नवा जबाब लिहून घेतला. शेवटी तिने विचारलं, "मी एक वाजता फोन केला असता तर?"

सार्जंट पन्नाशीचा होता, थकलेला. तो म्हणाला, "पाणी चौदा डिग्री होतं. त्यांचं लाइफ जॅकेट घरीच राहिलं होतं. वाचले असते कदाचित. नसतेही कदाचित. बाई, मी तुम्हाला थाप मारणार नाही. मला माहीत नाही, आणि कोणालाच कधी कळणार नाही."

पुढे पोलिसांच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं की तिच्यावर काही कारवाई होणार नाही. पण गावाला पत्राची गरज नव्हती. दुकानात ज्या बायका तिला पाहून थांबायच्या त्या आता दुधाच्या बाटल्यांच्या तारखा वाचू लागल्या. ग्लेनिसने तेवढा फोन केला.

"शुक्रवारी डॉक्टरांकडे येतेयस. मोठी वेळ लिहिलीये."

"ग्लेनिस, मला तोंड दाखवायला..."

"तोंड घरी ठेवून ये. त्यांनी तपासल्याशिवाय पुढच्या चार भेटींचे पैसे परत मिळत नाहीत. रडायचं तर दवाखान्यात रड, तिथे रुमाल फुकट आहेत."

ती गेली. डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. चार भेटी लिहून दिल्या.

लोकांना वाटतं, खरं बोललं की भूत सुटतं. वर्नालाही तसंच वाटलं होतं. झालं उलटंच. आता बाराला एकच धप्प व्हायचा. उजवा बूट. मग वेळ सुरू व्हायचा, आणि संपायचा नाही. पहिल्यासारखं पाच मिनिटांत ते मागे पडत नव्हतं. भांडी घासताना, पत्रपेटीशी जाताना, दुपार कलली तरी ती कान लावून असायची. कोणीतरी भिंतीला हात टेकून, एक पाय वर धरून, पडवीत उभं आहे, तसंच.

"आणि दुसरा बूट पडला तर काय होईल, वर्ना?" ब्रॉनविनने आठव्या भेटीत विचारलं.

"मग तो आत येईल."

"आला तर काय म्हणेल?"

वर्नाने विचार केला. "विचारेल, चॉप्स कुठे आहेत." आणि ती हसली. तोंडावर हात ठेवून हसली, मग ते हसणं वाकडं झालं आणि ती रडू लागली. त्या दिवशी वेळ संपूनही दहा मिनिटं ब्रॉनविन पडद्यावर नुसती बसून राहिली.

दहावी भेट नोव्हेंबरच्या मध्यावर संपली. जानेवारीत मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, ब्रॉनविनने सांगितलं. तोवर अधेमध्ये लागलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, ते दोघींनी लिहून काढलं. वर्नाने तो कागद फ्रिजवर लावला.

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी फाटकापाशी रेक्सची गाडी थांबली. तीन महिन्यांनी. तो खाली उतरला नाही.

"उद्या सहाला ओहोटी आहे," तो म्हणाला. "मोठ्या वाळूवर. येतेयस तर ये. पाणी स्वतःचं आण. मी बोलणार नाही."

ती गेली. टोकाच्या पलीकडची ती वाळू अकरा मैल लांब आहे. तिथे घर नाही, झाड नाही. एका बाजूला लाटा, दुसरीकडे वाळूचे डोंगर, आणि त्यांच्या माथ्यावरून वाळूची बारीक धूळ सारखी उडत असते. रेक्स पुढे, ती वीस पावलं मागे. शेवाळाचे ढीग तो काठीने उलटून पाहायचा. एक मेलेला पाणकोळी पक्षी. दोरखंड. प्लास्टिकचा डबा. कोणाच्या तरी पायातली चप्पल, लहान मापाची.

सहा मैल गेल्यावर तो बसला. ती जरा अंतर ठेवून बसली. डब्यातून मेटवर्स्टचे, जर्मन सॉसेजचे काप घातलेला पाव काढला, अर्धा तोडून त्याच्या दिशेने धरला. त्याने क्षणभर थांबून घेतला.

"त्या दिवशी मीही जाणार होतो त्याच्याबरोबर," रेक्स म्हणाला. समुद्राकडे पाहत. "आदल्या दिवशी सांगितलं, मान धरलीये. काही धरली नव्हती. थंडीत उठायचा कंटाळा आला."

वर्नाने डब्याचं झाकण लावलं.

"माझ्या शेडमध्ये रेडिओ लागतो," तो म्हणाला. "पाना हातात घेतला की लागतो. जाऊन बघतो तर प्लग काढलेला."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

वारा त्यांच्या आणि पाण्याच्या मधून वाहत होता. वर्नाने पावाचे कण झटकले.

"शुक्रवारी ग्लेनिसला फोन कर," ती म्हणाली. "मोठी वेळ माग. नुसती वेळ म्हणालास तर दहा मिनिटं मिळतात. डॉक्टर दहा प्रश्न देतील, खरं लिही. मग चिठ्ठी देतील. परत येणारे पैसे कुठल्या खात्यात जातायत ते आधी बघून घे."

"मला नाही झेपत असल्या भानगडी. पडद्यावरच्या बाईपुढे रडायचं!"

"रडायलाच हवं असं नाही. मी पाच भेटी नुसतं खोटं बोलले. त्याचेही पैसे परत मिळाले."

रेक्सच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, सांगता आलं नसतं. मग तो उठला, काठी घेतली, आणि दोघं पुढे निघाले.

लायल त्या दिवशी सापडला नाही, नंतरही नाही. फेब्रुवारीत कॉरोनरचा निकाल लागला. बुडून मृत्यू, वेळ दुपारी बाराच्या सुमारास किंवा त्याआधी. दाखला टपालाने आला. वर्नाने तो पाकिटातून काढून एकदा वाचला आणि खणात ठेवला. पडवीत अजूनही कोणीतरी एका पायावर उभं होतं. ती त्याच्यासाठी काही करू शकत नव्हती, आणि आता ते तिला रोज नवं कळत नव्हतं, जुनंच कळत होतं.

मार्चमधल्या एका बुधवारी ती पाव आणायला चालली होती. रेक्सच्या शेडवर मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून कोठारांमागच्या चढावर त्याने गाडी उभी केली होती. काचा वर केलेल्या. टोपी काढून समोर ठेवलेली, फोन चाकाला टेकवलेला. तो बोलत होता. हात हलवून, थांबून थांबून, तोंड पुसून, पुन्हा बोलत होता. वर्ना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेली, त्याला दिसू नये म्हणून.

शेजारच्या सीटवर कोणी बसलं होतं की त्याचं जाकीट नुसतं पाठीला टांगलं होतं, ते उन्हामुळे नीट दिसलं नाही. तिने थांबून पाहिलंही नाही. दुकान बाराला बंद व्हायचं, आणि बाराला सहाच मिनिटं उरली होती.